तुम्ही रेकॉर्डिंग चालू ठेवलंत म्हणून…

रेकॉर्डिस्टसाहेब,
सप्रेम नमस्कार.

भाच्याच्या बासऱ्यांची पिशवी सांभाळायला स्टुडिओत आलेल्या मामाला तुम्ही बाहेरच्या बाकावर बसवलं असतंत, तरी मी वाईट वाटून घेतलं नसतं. पण तुम्ही कंट्रोल रूममधल्या मागच्या सोफ्यावर जागा दिलीत, वर एक हेडफोनही हातात ठेवलात. म्हणून हे जाहीर आभार.

मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. आम्हाला चाल बांधलेलीच मिळते. ती बांधली जाताना पहिल्यांदाच पाहिली. मुखडा तेवढा पक्का होता, अंतरा अजून 'ना ना ना'वरच फिरत होता. काळी पाच पट्टीत तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'प'ला, गायिकेचा आवाज ताणला गेला, तसे संगीतकार म्हणाले, "काळी चार करू." तबलजींनी चकार शब्द न काढता दुसरी पिशवी उघडली आणि काळी चारचा तबला मिळवायला घेतला. एसीच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून दर टेकआधी ती ठोकठाक, हे तुम्ही हळूच सांगितलंत. क्लिकचंही, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठोक्याचंही, तसंच. आम्ही भजनात लय वाढवत नेतो. इथे कानात मिनिटाला 92 ठोके, आणि त्यातून सुटका नाही, कारण बाकीचे वादक नंतर येऊन त्याच क्लिकवर वाजवणार.

अंतऱ्याआधीचा म्युझिक पीस मात्र काही केल्या जमेना. संगीतकार कीबोर्डवर एकेक तुकडा वाजवायचे आणि "नको, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय" म्हणून स्वतःच टाकून द्यायचे. मला तर तेही तुकडे झकास वाटत होते! आत भाचा माइकच्या आवाजाची लेव्हल देण्यापुरती बासरी फुंकत होता. मध्यमावर थांबला, कोमल निषादाला जरासा शिवून खाली उतरला. संगीतकार गर्रकन वळले. "आत्ता काय वाजवलंस?" त्याला आठवेना. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आहे माझ्याकडे." माइक लागल्यापासून तुमचं रेकॉर्डिंग चालूच होतं. गाण्यात आता तोच पीस आहे.

चहाच्या वेळी तुम्ही जुन्या मुंबईतल्या सिनेसंगीताचं सांगितलंत. सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे संगीत-संयोजक वादकांसाठी स्वरलिपी लिहायचे, अख्खा वाद्यवृंद एकदम वाजायचा आणि एकाचं चुकलं की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. ते ऐकताना माझा चहा गार झाला.

परवा मंडळाचं भजन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पंखा बंद, टाळकरी मागच्या भिंतीपाशी, मोबाइल बुवांच्या समोर. टाळकरी थोडे रुसले, पण शब्द कळतायत. भाच्याकडून तुम्हाला पाठवलंय. पखवाजाची धूम, म्हणजे डाव्या बाजूचा खोल आवाज, जास्त वाटते का, तेवढं सांगा.

आपला,
बासरीवाल्याचा मामा