चांदणीच्या पाठीवरचा ऊन हात

डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

काल खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना माझ्या चांदणी घोडीने कान पाडले नाहीत, की वळून माझा दंड धरला नाही. मी तिथंच तबेल्यात बसलो आणि रडलो.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली ही घोडी. चार वर्षं तिची एक तक्रार नाही. यंदा दिवाळीनंतर खोगीर टाकलं की पाठ खाली दाबायला लागली. डावीकडे वळवलं की मान ताठ, शेपटी सदा एका अंगाला. उजवा पुठ्ठा उतरलेला, एकाच खुराची नाल लवकर झिजायची. हे सगळं मला दिसत होतं, पण सांगणार कोणाला? एक जण म्हणाला, "माजलीय, चाबूक दाखवा." दुसऱ्याने खोगीरसुद्धा न उतरवता इंजेक्शन टोचलं, पैसे घेतले आणि गेला. दुखणं तात्पुरतं दबलं, मी तिला वरातीत नेलं. ते माझ्या जिवाला अजून लागून आहे.

तुम्ही आलात तेव्हा तापीकाठी धुकं होतं. घोडीला हात लावण्याआधी तुम्ही तळवे कितीतरी वेळ चोळलेत, तोंडाची वाफ दिलीत. मी बघतच राहिलो. म्हणालात, "गार हात लागला की ती अंग चोरणार, मग दुखरी जागा मला कशी कळणार?" तो ऊन हात तिच्या पाठीवर ठेवून नुसत्या उभ्या राहिलात. दाबलं नाहीत, काही नाही. चांदणीने हळूहळू मान खाली सोडली. आमचे आबा ओट्यावरून म्हणाले, "दुखी ऱ्हायनं तिले, या बाईले समजनं."

पाय, खूर, दात बघितल्याशिवाय तुम्ही मणक्यांकडे वळला नाहीत. मणका जागचा सरकत नाही, सांधा आखडतो, हे मला तुमच्याकडून कळलं. घोड्याच्या पाठीत बरगड्यांचे 18 मणके, आणि आमच्या खोगिराची गादी एका बाजूने बसलेली! ती बदलली नाही तर मणक्यांवरचा तुमचा हाताचा उपचार वाया जाईल, असं स्पष्ट सांगितलंत. गादी त्याच आठवड्यात नवी भरून घेतली.

शिकलेली माणसं खूप भेटतात, ताई. मुक्या जिवाला आधी विचारून मग हात लावणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. तुम्हीही या. आई खापरावरचे मांडे करणार आहे, आणि चांदणीला तिची चाल तुम्हाला दाखवायची आहे.

तुमचा,
चांदणीचा मालक