पोटातली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

संपादक महोदय,

माझ्या मावशीच्या पोटात मागच्या वर्षी पाणी झालं, वजन उतरलं, सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याच्या शेवटी गाठ आणि पोटाच्या पडद्यावर बारीक दाणे दिसले, सीए-१२५ (कॅन्सरची शंका आली की रक्तात तपासतात तो घटक) पण वाढलेलं, मग काय, रिपोर्टमध्ये "कॅन्सर पसरल्याची शक्यता" असं वाचून घरात रडारड सुरू झाली. नशीब एका सर्जनने आधी दुर्बिणीतून तुकडा काढून तपासायचा, म्हणजे बायोप्सीचा, आग्रह धरला. निघाला आतड्याचा टीबी! ६ महिने गोळ्या घेतल्या, त्याही सरकारी दवाखान्यातून फुकट, आज मावशी शेतात जाते.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की पेट (PET) स्कॅनमध्ये साखर जास्त ओढणाऱ्या पेशी चमकतात, आणि टीबीच्या सुजेतल्या पेशीही तेच करतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून फरक कळतोच असं नाही. सीए-१२५ सुद्धा पोटाच्या पडद्याला सूज आली की वाढतं. बायकांमध्ये एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) आतड्याला चिकटूनही अशीच गाठ दिसते. म्हणून पोटातल्या पाण्याची एडीए टेस्ट (टीबीत वाढणारं एक एन्झाइम मोजणारी), बायोप्सी, जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी टेस्ट) हे सगळं बघायला हवं, आणि जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाहीच असंही नसतं.

उलटंही होतं, कॅन्सरला टीबी समजून महिने वाया जातात, ते तर जास्तच वाईट. माझी कळकळीची विनंती एवढीच की रिपोर्टमध्ये "शक्यता" लिहिलेलं असेल तर पेशंटला "बायोप्सी अजून बाकी आहे" हे त्याच दिवशी, मराठीत, नीट सांगा. आम्ही ते ८ दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत.

- एक वाचक, सातारा