केसपेपरवर नसलेला प्रश्न

प्रति,
संपादक,

महोदय,

गेल्या चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना माझा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. कवंडळं आणि सुपारीचा घोस सुनेच्या हाती दिला आणि मी पाटावर बसून नुसती सांगत राहिले.

हे दुखणं वीस वर्षांचं. मान, खांदे, कंबर. एक्स-रे झाले, एमआरआय झाला, वाताच्या रक्ततपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल मिटत सांगितलं, ‘मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा.’ त्या दिवशी डिचोलीपर्यंत बसमध्ये मी रडत आले. दुखतं म्हणून नाही, मला खोटं ठरवलं म्हणून.

मागच्या वर्षी एका तरुण डॉक्टरणीने सगळे रिपोर्ट पाहिले, दार लावून घेतलं आणि विचारलं, ‘मावशी, लहानपण कसं गेलं?’ वडील लवकर गेले, आम्ही काकांच्या घरी वाढलो. चिंचेचा ओला फोक दारामागे कायम खोचलेला असायचा. काकांच्या सायकलची घंटी वाजली की आम्ही भावंडं गप्प व्हायचो. आज कशासाठी मार बसेल, ते कधीच कळायचं नाही. मी हे सांगत होते आणि ती हळूच म्हणाली, ‘आत्ताही तुमचे खांदे कानापर्यंत चढलेत, बघा.’ खरंच चढले होते.

ज्या घरात एकदा चोर शिरला, त्या घरचा कुत्रा पान हललं तरी भुंकतो. शरीराचंही तसंच होतं, असं तिने समजावलं. कोवळ्या वयात सततची धास्ती असली की ताणाला तोंड देणारी शरीराची यंत्रणा बिघडते, मज्जासंस्था वेदनेला जास्त हळवी होते. वेदना खरीच असते, फक्त ती एमआरआयमध्ये दिसत नाही.

घरी आल्यावर मुलीकडून या विषयावरचं बरंच वाचून घेतलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगो इथे १७ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली, तेव्हापासून बालपणीचा छळ आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध अभ्यासला जातो आहे. २०२३ मध्ये ७५ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात आठ लाखांहून अधिक प्रौढांची माहिती होती. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ किंवा आबाळ सोसलेल्यांना जुनाट वेदना असण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. मार खाल्लेल्या प्रत्येकाला असं दुखणं लागतं असं नाही आणि प्रत्येक पाठदुखीचं मूळ बालपणात नसतं. आधी नेहमीच्या तपासण्या व्हायलाच हव्यात.

आपल्याकडे २००७ मध्ये केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसला होता. आमच्या गोव्यात २००३ च्या बाल कायद्याने शाळेतल्या मारावर बंदी आहे. मी स्वतः तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिल्या काही वर्षांत माझ्याही हातात पट्टी होती आणि ती मी वापरली. त्या मुलांची तोंडं आता रात्री आठवतात. घरातल्या फोकाबद्दल मात्र अजून कोणी बोलत नाही. शेजारी पोर ओरडलं तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरला फोन करण्यापेक्षा आपण खिडकी लावून घेतो.

माझी मागणी छोटी आहे. केसपेपरवर साखर, प्रेशर, ऑपरेशन यांची नोंद होते. महिनोन्‌महिने दुखत असलेल्या आणि रिपोर्ट स्वच्छ असलेल्या रुग्णाला बालपणाबद्दलही विचारावं, अगदी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातसुद्धा. विचारून झाल्यावर पुढे पाठवायला समुपदेशक आणि फिजिओथेरपिस्टही हवेत. मला दोघांचा उपयोग झाला. दुखणं गेलेलं नाही, पण रात्री चार-पाच तास सलग झोप लागते आणि वेणी घालण्यापुरता हात वर जातो.

आणि हा प्रश्न ओपीडीच्या रांगेत, नवरा किंवा सासू मागे उभी असताना कृपा करून विचारू नका. माझ्याकडून उत्तर निघालं ते दार लावलेलं होतं म्हणून.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली