शिष्यवृत्ती राखणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा संचालक पदावरून तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं. हे आभाराचं पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर आणि मराठीत लिहितेय. टेनिसच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघालेल्या मुली प्रशिक्षकांची सगळी माहिती काढतात, पण विद्यापीठाचा क्रीडा संचालक नेमकं काय करतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं.

माझ्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली तो काळ 2012 च्या आधीचा. तेव्हा एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेच्या, नियमानुसार शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची असायची. पुढच्या वर्षी ती मिळणार की नाही, हे 1 जुलैपर्यंत लेखी कळवलं की विद्यापीठ मोकळं. पहिल्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) महिला टेनिस संघाला शिष्यवृत्त्या आठच. मी पुन्हा कधी खेळेन हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. माझ्या जागी धडधाकट खेळाडू आणणं अगदी नियमात बसत होतं, आणि तसा विषय तुमच्यापर्यंत आलाही होता.

तुम्ही मला बोलावून घेतलंत. समोर माझं गुणपत्रक होतं. पदवीला अजून किती विषय उरलेत, एवढंच विचारलंत आणि नूतनीकरणाच्या पत्रावर सही केलीत. त्या सहीसाठी तुम्हाला संघाची नाराजी ओढवून घ्यावी लागली, हे मला फार नंतर कळलं.

बरी होईपर्यंत तुम्ही मला कार्यालयात काम दिलंत, तेव्हा ही नोकरी जवळून पाहिली. बाहेरच्यांना तुम्ही दिसायच्या सामन्याच्या दिवशी, पहिल्या रांगेत. एरवी तुमचा दिवस देणगीदारांचे फोन, प्रशिक्षकांचे करार आणि खेळाडूंच्या पात्रतेचे कागद यांतच जायचा. माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे तो सरावाच्या वेळांचा तक्ता. लाल पेनाने खुणा करत तुम्ही एकेका प्रशिक्षकाला विचारायच्या, पहाटे सहाची वेळ दर वेळी मुलींच्याच वाट्याला का येते? मग प्रवासाची बिलं काढायच्या: कोणता संघ विमानाने गेला, कोणता रात्रभर बसमध्ये बसून. 'टायटल नाइन' हा शिक्षणसंस्थांमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा 1972 चा कायदा मला तेव्हा कुठे समजला. त्यात शिष्यवृत्त्यांबरोबर सरावाची वेळ, प्रवास, कपडे बदलायची खोली, सगळंच तपासलं जातं. पण तपासणारं माणूस खुर्चीत हवं ना!

तुम्ही स्वतः खेळत होता तेव्हा एनसीएए महिलांसाठी राष्ट्रीय स्पर्धाच घेत नव्हती. पहिल्या श्रेणीत त्या 1981-82 च्या हंगामात सुरू झाल्या. व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षक, मग नियमपालनाचं काम, मग सहसंचालक आणि मग संचालक, अशा तुम्ही वर आलात. प्रशिक्षकाची अडचण आणि नियमाची कलमं, दोन्ही तुम्हाला तोंडपाठ असायची ती त्यामुळेच.

आता सगळा हिशेबच बदललाय. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी एकेका विद्यापीठाची मर्यादा ठरली सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. खेळाडूंना मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण टीव्हीचा पैसा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधून येतो, तेव्हा मोठा वाटाही तिकडेच जाणार. टेनिस, पोहणं, कुस्ती यांच्या बाजूने त्या बैठकीत कोण बोलणार, याची मला खरंच काळजी वाटते.

माझा खांदा पूर्वीसारखा झाला नाही. शेवटच्या हंगामात फक्त दुहेरी खेळले, पदवी मात्र वेळेत घेतली. आता मुली सल्ला विचारतात तेव्हा सांगते, दुखापत झाली तर शिष्यवृत्तीचं काय, हे क्रीडा विभागाकडून आधी लेखी घ्या. गेल्या वर्षी एकीने तसं पत्र मागितलं आणि तिला ते मिळालंही. मॅडम, त्या पत्राचं श्रेय तुमचं आहे. मनापासून आभार.

तुमच्या टेनिस संघातली एक विद्यार्थिनी