मावशीच्या वह्या टाकू नकोस

प्रिय मीरा,

तुझं पत्र वाचलं आणि राहवेना, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले. मावशीची ट्रंक उपसताना तू मानपत्रं नि प्रमाणपत्रं बाजूला काढलीस आणि पुढे लिहिलंस, "बाकी नुसत्या हिशेबाच्या वह्या, रद्दीत घालते." घालू नकोस गं. हात जोडून सांगते.

तूच लिहिलंयस, त्या वह्यांत दर महिन्याला पोस्टाच्या तिकिटांचा खर्च मांडलाय. मावशी एवढी पत्रं कुणाला लिहायची? घरात कुणालाच ठाऊक नाही ना? मानपत्र दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं, वही तिच्या हातची आहे.

बायकांचे कागद असेच जातात. आग लागावी लागत नाही, घर आवरायला काढलं की पुरे. जे एखाद्या दप्तरखान्यात पोचतात, तेही कित्येकदा नवऱ्याच्या नाहीतर घराण्याच्या नावाने सूचीत लागतात. मग बाईचं नाव घेऊन शोधणारा हात हलवत परत येतो.

ॲमस्टरडॅमची गोष्ट तुला सांगायची राहिलीच. १९३५ मध्ये रोझा मानुस, योहाना नाबर आणि विलेमाइन पोस्टुमुस या तिघींनी तिथे स्त्री-चळवळीच्या कागदपत्रांचं आंतरराष्ट्रीय अभिलेखागार उभं केलं. १९४० च्या जुलैत नाझींनी ते बंद करून पुस्तकं, पत्रं, सगळं उचलून नेलं. त्यातल्या बऱ्याच कागदांचा पत्ता थेट १९९२ मध्ये मॉस्कोत लागला आणि २००३ मध्ये ते घरी आले. रोझा ज्यू होती, युद्धातच नाझींच्या कैदेत वारली. तिने जमवलेले कागद तिच्यामागे साठ वर्षांनी परतले! लुटणाऱ्यांनाही ते नेण्याजोगे वाटले, आणि आपण आपल्या हाताने टाकून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कागदावर कधी आलंच नाही, त्याचं काय? तुझी आई आहे अजून. तिला बोलतं कर. ती आधी म्हणेल, "माझ्यात काय सांगण्यासारखं आहे?" माझी काकूही हेच म्हणाली होती. मी मोठमोठ्या घटनांबद्दल विचारत होते आणि ती काकांच्या बदल्या सांगत होती. शेवटी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिला हात कशाला लागायचा?" त्यावर ती चाळीस मिनिटं बोलली. मधे एकदा थांबली. मला वाटलं, संपलं, म्हणून पुढचा प्रश्न टाकला. परवा ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. तिने बोलायला श्वास घेतलेला स्वच्छ ऐकू येतो, आणि त्यावर माझा आवाज येतो. ती काय सांगणार होती, हे आता विचारायचं कुणाला?

म्हणून आई थांबली की तू गप्प राहा. अवघडलं तरी राहा. कोण ऐकेल, कधी ऐकेल, कुठला भाग कुणालाच द्यायचा नाही, हे आधी तिच्याकडूनच ठरवून घे. फोनवर घेतलंस तरी चालेल, पण मूळ फाइल कापू नकोस, आणि दोन-तीन वेगळ्या ठिकाणी तिच्या प्रती ठेव. सुरुवातीलाच तिचं स्वतःचं नाव आणि तारीख बोलून घे, माहेरच्या नावासकट.

ट्रंकेतल्या वस्तूंचा क्रम मोडू नकोस. कशाशेजारी काय ठेवलंय, यातूनही पुष्कळ कळतं. गंजलेल्या टाचण्या आणि रबरं तेवढी अलगद काढ. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नकोस, ती पुढे कागद खाते. फोटोंमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, आणि आईला विचारून, आजच. चेहरे ओळखणारी आता ती एकटीच उरली आहे.

पुढच्या रविवारी मी येतेय. तोवर ट्रंक आहे तशी राहू दे. तिकिटांच्या नोंदी कुठल्या महिन्यात वाढतात नि कुठे एकदम थांबतात, ते आपण दोघी मिळून बघू.

तुझीच,
वसू