मनू, आधार पाठवलंस का?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रागाने फोन ठेवलास. आवाज मीच आधी चढवला, चुकलं माझं. पण टेलिग्रामवर नोकरी देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला रेझ्युमेसोबत आधार पाठवलंस की नाही, ते राहूनच गेलं.

तुझा रेझ्युमे दुकानात प्रिंट करून आणला. एकच पान, ठिबकचा तो प्रोजेक्ट सगळ्यात वर. आईने टीव्हीशेजारी ठेवलंय, आल्यागेल्याला दाखवते. पण त्यात जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता, आधार नंबर कशाला? नाव, फोन, ईमेल, गाव पुरे. पहिल्या चाळणीत आधार कुणी बघत नाही. कुणी त्यावर कर्ज उचललं तर निस्तरत बसावं लागेल.

१९९३ला मी अर्ज करायचो तेव्हा गुणपत्रिकेच्या प्रत्येक झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही लागायची. आप्पा मला सायकलवर डबलसीट घेऊन मामलेदार कचेरीत जायचे. साहेब जेवून येईपर्यंत आम्ही पायरीवर. मग पोस्टात रजिस्टर. ती गुलाबी पावती आप्पांच्या पाकिटात महिनोन्‌महिने असायची, घडीवर फाटेपर्यंत. अर्ज कुणाच्या हातात गेला ते ठाऊक असायचं. तुझी पीडीएफ कुठे गेली ते कसं कळणार?

झालं, पुन्हा भाषण. तुला यातलं जास्त कळतं, मान्य. तरी ऐक. प्लेसमेंट सेलचा फॉर्म भर, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाक. नितीनदादा रेफरल देतोय, त्याला जॉब आयडी हवाय, कालपासून थांबलाय तो. मेल कंपनीच्या पत्त्यावरून नसेल तर तुमच्या सरांना दाखव. आणि रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट असलं काही मागितलं की तिथेच थांब. नोकरी देणारा पैसे मागत नाही गं.

जॉइन होताना आधार मागितलं तर मास्क्ड काढ, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आत्ता पाठवलं असशील तर आधारच्या सरकारी साइटवर (यूआयडीएआय) आजच बायोमेट्रिक लॉक कर. पैसेही दिले असशील तर माझी वाट बघू नकोस, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

मुलाखतीला आईचा निळा ड्रेस घाल, तो तुला शोभतो.

साडेनऊला दुकान बंद करतो. तेव्हा फोन कर. पाठवलं असशील तरी कर, मी ओरडणार नाही.

तुझे,
बाबा