भीतीची नजर आणि रात्रीचे ओलित

रात्री ओलिताला गेलेल्याला धुऱ्यावरचा (बांधावरचा) पाइपही साप वाटतो. त्याला भित्रा म्हणून हसू नये. मानसशास्त्रज्ञ आर्ने ओहमन व सहकाऱ्यांच्या २००१ मधील प्रयोगांत फुले-अळंब्यांच्या चित्रांतला साप लोकांना चटकन सापडला, सापाला भिणाऱ्यांना तर आणखी लवकर. पण पराटीच्या (कपाशीच्या) पाल्यात वेटोळे घालून पडलेली घोणस चित्रासारखी उठून थोडीच दिसते? एकदा दचकलेला माणूस समोरच बघत राहतो, पायाखाली नाही. सर्पमित्रांची व्याख्याने शाळांतून होतात, बरेच आहे. ती पावसाळ्याआधी ग्रामसभेतही ठेवा. आणि मुख्य म्हणजे शेतीपंपांना वीज दिवसा द्या. एका बॅटरीच्या उजेडात माणसाने बघावे तरी किती?

– एक शेतकरी वाचक, आर्वी (जि. वर्धा)